दंडांची सुरुवात पाठीपासून

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी गिरणीतून दळण घेऊन आले आणि दहा किलोंचा स्टीलचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवण्यासाठी उचलला, तेव्हा तो कमरेपर्यंत आला आणि तिथेच अडला. तोच डबा हातात लटकवून मी दोन जिने चढून आले होते. म्हणजे वजन धरून ठेवण्याची ताकद हातांत होती, पण ते अंगाजवळ ओढून वर नेण्याची नव्हती. मुलाने डबा उचलून ठेवला आणि घरच्यांसाठी तो विषय तिथेच संपला. मी त्या वेळी 49 वर्षांची होते, शाळेत दिवसभर उभी राहून शिकवत होते, घरातील बहुतेक कामे स्वतः करत होते, आणि एवढ्या सगळ्या कामातून शरीराला पुरेसा व्यायाम मिळतो अशी माझी पक्की समजूत होती. त्या डब्याने ती समजूत मोडली. त्यानंतर घरच्या घरी डंबेल घेऊन खांदे, दंड, छाती आणि पाठ यांच्यासाठी मी जे केले, त्यात जे चुकले आणि जे लागू पडले, ते माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान बायकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मी बहुतेक जणी करतात तशीच केली. बाजारातून प्रत्येकी एक किलोची गुलाबी डंबेलची जोडी आणली आणि रोज संध्याकाळी बातम्या बघता बघता तीस-चाळीस वेळा हात वर-खाली करू लागले. पाच महिने एकही दिवस चुकवला नाही. दंड तसेच राहिले, दळणाचा डबाही तसाच जड राहिला. कारण समजले तेव्हा ते अगदी सरळ होते. तेलाची एक लिटरची पिशवी सुमारे 900 ग्रॅमची असते आणि ती आपण रोज सहज उचलतो, ओततो, जागेवर ठेवतो. एवढ्या वजनासाठी स्नायू आधीच तयार असतात. सवयीपेक्षा जास्त भार आला तरच ते बदलतात, आणि एकदा त्या भाराची सवय झाली की बदल पुन्हा थांबतो. म्हणूनच घरकाम कितीही असले तरी त्याने माणूस दमतो, पण स्नायू बळावतातच असे नाही. कणीक रोज तेवढीच मळायची असते आणि बादलीही रोज तेवढीच भरायची असते.

वजन हळूहळू वाढवत नेण्याची ही कल्पना आपल्या तालमींना जुनी आहे. जोर-बैठकांचा आकडा चढवत नेणे आणि हलक्या मुद्गलावरून जड मुद्गलावर जाणे हे तिथे नेहमीचेच होते. वैद्यकात तिला नीट बसवले ते थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे अशक्त झालेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी त्यांनी चढत्या वजनांची पद्धत वापरली आणि 1945 मध्ये तिच्यावर लिहिले. दहा आवर्तनांचा एक संच, थोडी विश्रांती आणि पुन्हा दहा, हा आज प्रत्येक व्यायामशाळेत चालणारा हिशेब रूढ होण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

‘टोनिंग’ या शब्दाबद्दल इथेच बोलून घेते, कारण त्याने पुष्कळांची दिशाभूल होते. स्नायू ‘टोन’ करणे अशी काही वेगळी क्रिया शरीरात नसते. दंड रेखीव दिसतो तो दोन कारणांनी: आतला स्नायू भरलेला असतो आणि त्यावरचा चरबीचा थर बेताचा असतो. ज्या भागाचा व्यायाम करू त्याच भागाची चरबी उतरेल असे होत नाही. ती संपूर्ण शरीरातून आणि शरीराच्या स्वतःच्या क्रमाने उतरते. दंडाच्या मागची लोंबणारी जागा नाहीशी व्हावी म्हणून शंभर वेळा हात मागे झटकण्याने ती चरबी हटत नाही. मात्र त्याखालचा ट्रायसेप्स भरला तर जागेचा आकार बदलतो. दंडाच्या एकूण स्नायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग या ट्रायसेप्सचा असतो. पुढून फुगणारा बायसेप्स सर्वांना ठाऊक असतो, पण ब्लाउजची बाही भरते ती मुख्यतः मागच्या बाजूने. तीन वर्षांत माझ्या दंडाचा घेर टेपने मोजला तर जेमतेम अर्धा इंच कमी झाला आहे. बोटाने दाबून पाहिले की मात्र दंड पूर्वीचा राहिलेला नाही हे लगेच कळते.

आता माझी मोठी चूक सांगते. एक किलोने काही होत नाही हे पटल्यावर मी घाई केली, एकदम पाच किलोंची जोडी आणली आणि पहिल्याच आठवड्यात ती डोक्यावर ढकलू लागले. आठव्या दिवशी फळ्यावर लिहिताना उजव्या खांद्यात कळ आली. हात खाली असताना काही होत नसे आणि पूर्ण वर गेल्यावरही फारसे दुखत नसे, पण मधल्या टप्प्यात, म्हणजे हात बाजूने खांद्याच्या उंचीच्या आसपास आला की, सुई टोचल्यासारखे होई. फिजिओथेरपिस्टनी हात निरनिराळ्या दिशांना फिरवून पाहिला आणि मग मला पाठमोरी उभी केले. त्या म्हणाल्या, “ताई, दुखणे खांद्याचे आहे, पण ते आले आहे पाठीतून.” पुढे त्यांनी जे समजावले त्यावर माझा आजचा सगळा व्यायाम उभा आहे.

खांद्याचे पाते, म्हणजे पाठीवर दोन्ही बाजूंना हाताला लागणारे ते त्रिकोणी चपटे हाड, धडाच्या सांगाड्याला फक्त गळ्याजवळच्या आडव्या हाडामार्फत जोडलेले असते. एरवी ते बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने तरंगत असते. हात वर नेताना हे पातेही फिरावे लागते. ते ज्या स्नायूंनी जागेवर धरायचे आणि फिरवायचे ते अशक्त झाले, की खांदे पुढे झुकतात आणि हात वर नेताना सांध्याभोवतालच्या चार लहान स्नायूंच्या दोऱ्यांवर नको तेवढा ताण येतो. माझा दिवस डोळ्यांसमोर आणला तर हात सतत अंगाच्या पुढे होते: वह्या तपासणे, पोळ्या लाटणे, भाजी चिरणे, संगणकावर गुण भरणे, फोन पाहणे. या सगळ्या कामांत पाठ फक्त वाकते. तिला जोर लावून काही ओढावे लागत नाही.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी परसात विहीर होती, आणि आजी रहाटावरून दोर ओढून दिवसाला किती घागरी पाणी काढत असेल याची गणती नव्हती. एक हात खाली, एक हात वर, पुन्हा तो खाली, अशी तिची लय मी लहानपणी पायरीवर बसून पाहिली आहे. चोळीतून दिसणारी तिची पाठ सत्तरीतही सरळ आणि दोन्ही बाजूंनी भरीव होती. पहाटे जात्यावरही तेच होते, खुंटा पुढे ढकलायचा आणि पुन्हा अंगाकडे ओढायचा. ते कष्ट परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही, कारण तिच्या गुडघ्यांची आणि कमरेची काय दशा झाली तेही मी पाहिले आहे. पण नळ आला, गिरणी आली, आणि बायकांच्या दिवसातून ‘ओढणे’ ही क्रियाच निघून गेली हे खरे आहे. तिची जागा दुसऱ्या कशाने भरलेली नाही. डंबेल घेऊन ती भरता येते, आणि त्यासाठी आठवड्यात दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

या व्यायामाला ‘रो’ म्हणतात, आणि तो मी सविस्तर सांगते, कारण तो बहुधा चुकीचा केला जातो. एका बाजूला पक्के, साधारण गुडघ्याच्या उंचीचे बाक किंवा गादी काढलेला दिवाण लागतो. डावा गुडघा आणि डावा तळहात त्यावर टेकवायचा आणि उजवा पाय जमिनीवर थोडा मागे रोवायचा. पाठ पाटासारखी सपाट हवी, तिला पोक येता कामा नये. नजर जमिनीकडे. डंबेल उजव्या हातात खांद्याखाली सरळ लोंबू द्यायचे. आता कोपर वाकवण्याआधी केवळ खांद्याचे पाते मणक्याकडे ओढायचे. ही हालचाल एक-दीड इंचाचीच असते, पण सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मग कोपर अंगालगत ठेवून मागे आणि वर न्यायचे, अशा बेताने की डंबेल छातीकडे न येता कमरेच्या हाडाकडे जाईल. मूठ फक्त आकड्यासारखी वागवावी. ओढायचे आहे ते कोपराने. वर क्षणभर थांबून मनात तीन अंक मोजत वजन खाली सोडायचे. खाली जाताना ते धप्पकन सोडून दिले तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण लांब होत जाताना भार पेलणे हेही स्नायूचे मोठे काम आहे.

हे नीट जमले की काखेच्या खाली, पाठीच्या कडेला ताण जाणवतो. पहिले तीन आठवडे मला तो जाणवतच नव्हता, सगळे दंडात आणि मनगटात जाई. मग मुलीने माझ्या पाठीवर पात्याच्या खालच्या टोकाशी दोन बोटे टेकवली आणि “आई, इथून ओढ,” असे म्हणाली. ते जे क्षणात उमगले ते आठ-दहा चित्रफिती पाहून उमगले नव्हते. घरात कोणी असेल तर ही मदत जरूर घ्यावी. धड बाजूला वळत असेल किंवा मानेत ताण येत असेल तर वजन जास्त आहे असे समजून एक पायरी खाली यावे.

रोबरोबर मी ओणवे होऊन दोन्ही हात पंखांसारखे बाजूंना उघडण्याचा व्यायाम करते. तो खांद्याच्या मागच्या भागासाठी आहे आणि त्याला रोच्या जेमतेम चौथा हिस्सा वजन पुरते. छातीसाठी जमिनीवर सतरंजी अंथरून, उताणे झोपून डंबेल वर ढकलते. कोपरे धडापासून काटकोनात न पसरता तिरकी, सुमारे 45 अंशांवर ठेवायची. जमीन कोपरांना ठरावीक जागी अडवते, त्यामुळे खांदा मर्यादेबाहेर मागे जात नाही, आणि घरी एकट्याने करणाऱ्याला हा मोठा दिलासा असतो. खांद्यांसाठी डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम मी सहा महिन्यांनी, पाठ सुधारल्यावर पुन्हा सुरू केला. आता तो पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसून करते, आणि कोपरे अगदी बाजूला न ठेवता थोडी पुढे ठेवते, कारण खांद्याचे पाते मुळात त्याच कोनात बसलेले असते. बायसेप्ससाठी कोपरे बरगड्यांशी खिळवून हात वाकवणे पुरे आहे, झोका मात्र घेऊ नये. ट्रायसेप्ससाठी एकच डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यामागे उतरवायचे आणि पुन्हा वर न्यायचे. या स्नायूचे एक टोक खांद्याच्या पात्यावर असल्यामुळे हात डोक्यावर असताना तो पूर्ण ताणला जातो.

वजन किती घ्यावे हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याला किलोंमध्ये उत्तर नाही. ज्या वजनाने आठ ते बारा आवर्तने होतात आणि शेवटी आणखी दोनच जमली असती असे वाटते, ते आपले वजन. पंचवीस सहज होत असतील तर ते हलके आहे, पाचव्यालाच ढब बिघडत असेल तर जड आहे. प्रत्येक व्यायामाला वजनही वेगळे लागते, आणि एकच जोडी सगळ्याला वापरली तर पाठ उपाशी राहते आणि खांदा दुखावतो. मी वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवते. बारा-बाराचे तीन संच लागोपाठ दोन वेळा नीट झाले की पुढच्या खेपेला वजन वाढवते. यात एक अडचण आहे, जी बायकांना विशेष जाणवते. दहा किलोंवरून अकरावर जाणे म्हणजे दहा टक्के वाढ, पण दोनवरून तीनवर जाणे म्हणजे एकदम पन्नास टक्के वाढ, आणि खांद्याचे लहान स्नायू ती झेलू शकत नाहीत. म्हणून हलक्या वजनांत आधी आवर्तने पंधरापर्यंत न्यावीत आणि शक्य असल्यास अर्ध्या किलोच्या प्लेट मिळवाव्यात.

त्यासाठी दांडा आणि सुट्या प्लेट असलेले डंबेल घरात सर्वांत सोयीचे पडते, कारण एका जोडीत पुष्कळ पायऱ्या मिळतात. मात्र दांड्याच्या टोकांचे नट प्रत्येक संचाआधी हाताने पिळून पाहावेत. माझा एक नट रो करताना सैल होत होता आणि माझे लक्ष नव्हते. दोन किलोंची प्लेट सुटून पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर पडली आणि फरशीचा टवका उडाला. तो टवका मी मुद्दाम बुजवलेला नाही, रोज दिसतो आणि रोज नट पिळायची आठवण करतो. कुणाला आधी खर्च न करता करून पाहायचे असेल तर एक लिटरच्या बाटलीत पाणी भरले की एक किलो होते आणि कोरडी वाळू भरली की साधारण दीड किलो. पाठीसाठी पिशवीत तांदूळ मोजून भरले तरी चालतात, कारण रोला फक्त हाती धरण्याजोगे काहीतरी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीराच्या सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. मी सोमवार, गुरुवार आणि जमल्यास शनिवारी करते. रोज का नाही, असे माझ्या सहकारी शिक्षिका विचारतात. स्नायू भरतो तो विश्रांतीच्या काळात, म्हणून त्याच स्नायूला पुन्हा भार देण्याआधी साधारण दोन दिवस जाऊ द्यावेत. पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद झपाट्याने वाढते आणि आरशात मात्र काही दिसत नाही, तेव्हा निराश होऊ नये. त्या काळात मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकत असतात. आकार त्यामागून येतो. बायकांचे दंड पैलवानांसारखे होतील ही भीतीही सोडून द्यावी. स्नायू वाढवणारे टेस्टोस्टेरॉन आपल्यात पुरुषांच्या मानाने कित्येक पटींनी कमी असते.

आहाराबद्दल थोडेच लिहिते. भारतीय मानकानुसार प्रौढाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोंच्या बाईला पन्नास ग्रॅम. मी एकदा आठवडाभर प्रामाणिकपणे हिशेब मांडला तेव्हा माझी चाळीसही भरत नव्हती, कारण ताटातली आमटी पातळ होती आणि वाटी लहान. आता सकाळी दोन अंडी, दुपारी मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची दाट उसळ आणि रात्री पिठले किंवा दही, असा क्रम ठेवला आहे.

ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि वजन उचलताना कोणीही श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडायचा, वजन उतरवताना घ्यायचा. स्नायूत होणारी जळजळ आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका हे स्वाभाविक आहे, पण सांध्यात उठणारी तीक्ष्ण कळ आली की त्याच क्षणी वजन खाली ठेवावे. मी ते आठ दिवस आधी केले असते तर माझे चार महिने वाचले असते.

जाता जाता एक गंमत वाटलेली गोष्ट. व्यायामाच्या निमित्ताने वाचताना कळले की आपल्या दोरीवर रोज वाळत पडणाऱ्या ‘सँडो’ बनियनचे नाव युजेन सँडो या मल्लाचे आहे. डंबेलचा व्यायाम घरोघरी पोचवणाऱ्यांत तो अग्रणी होता, आणि 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन त्याने प्रयोग केले होते. आमच्या घरात त्याचे नाव आजोबांपासून होते, डंबेल मात्र माझ्यापासून आले.

आज माझ्या वहीत रोसमोर नऊ किलो, झोपून ढकलण्यासमोर सात आणि खांद्यासमोर साडेचार असे आकडे आहेत. खांद्याचा आकडा पाच महिने हललेला नाही आणि मी तो हलवण्याची घाईही करत नाही. गेल्या चैत्रात आई राहायला आली होती. ती 76 वर्षांची आहे. दोन दिवस तिने दारातून माझा व्यायाम पाहिला, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, “मला दे की काहीतरी हातात.” साखरेची अर्ध्या किलोची पुडी दोन कापडी पिशव्यांत एकेक घालून दिली. खुर्चीच्या कडेला बसून, किंचित पुढे झुकून, ती दोन्ही कोपरे मागे ओढू लागली आणि पाचव्या-सहाव्या वेळी थांबून म्हणाली, “हे तर विहिरीवरचं काम.” ती घरी परतली तेव्हा पिशव्या सोबत घेऊन गेली. आता दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर किती आवर्तने झाली ते सांगते, आणि मी तिचे आकडे माझ्याच वहीत मागच्या पानापासून लिहीत आले आहे.